वाचून घ्या घरी

एकवीस वर्षं हेच म्हणत आले मी,
फळा पुसता पुसता, वर्गाकडे पाठ करून:
चौदावा धडा सोपा आहे, वाचून घ्या घरी.
मग हातावरचा खडू झटकायचा
आणि थेट ओहमचा नियम.
मुलगे खोकायचे. मुली ते पान
कंपासपेटीखाली दाबून धरायच्या.
घरी कोण वाचणार?
घरी त्या पानावर आईची नजर असते.

नमिषा गावसनं मात्र विचारलं होतं.
दहावी ब, खिडकीकडचा तिसरा बाक,
चतुर्थीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास.
"बाई, पाळी चुकली म्हणजे दर वेळी तेच असतं का?"
मी म्हटलं, बस खाली.
बसली.
बाहेर पोदेराचा भोंगा पोंऽ पोंऽ करत गेला
आणि सगळा वर्ग त्याच्याकडे बघू लागला,
मीसुद्धा.

सुट्टी संपली. तिसऱ्या बाकावर
दुसऱ्याच कुणाची छत्री सुकत होती.

वाळपईच्या दवाखान्यातल्या सिस्टर एस्पेरांसा
एका शनिवारी मला स्कूटरवर घालून घेऊन गेल्या.
म्हादईचा पूल ओलांडेपर्यंत एक शब्द नाही,
नंतरही नाही.
अंगणात नमिषाची आई काजूबिया सोलत होती.
चिकानं काळी झालेली बोटं, मान खाली.
"पुस्तकं रद्दीत घातली," एवढंच बोलली.
"मग नवी हाडूया," सिस्टर म्हणाल्या,
जणू मीठ संपलं होतं.

आतून ती आली
आणि मला बघून उभी राहिली,
वर्गात राहतात तशी, ताठ,
एक हात पोटावर.
माझ्या तोंडून निघालं, बस खाली.
तेच दोन शब्द.
या वेळी मीही बसले, शेणानं सारवलेल्या जमिनीवर,
आणि विचारलं, काही खातेस का गं?
यापेक्षा शहाणा प्रश्न मला सुचला नाही.

पुढच्या मार्चमध्ये, गणिताच्या पेपरला,
शाळेच्या पायरीवर मी अकरा महिन्यांचा मुलगा घेऊन.
मुख्याध्यापक दोनदा चष्मा काढून बघून गेले.
काजूच्या बोंडांचा वास, उकाडा,
आणि या पोराला दात येत होते:
माझ्या घड्याळाचा पट्टा त्यानं चावून चावून ओला केला.
दीड तासानं सिस्टर तिला बाहेर घेऊन आल्या.
प्रयोगशाळेत, आम्लाच्या बाटल्यांच्या कपाटाआड,
तिनं त्याला पाजलं.
पंधरा मिनिटं. मग पुन्हा वर्तुळ, स्पर्शिका.

तेवढ्यात शाणू आला, होंड्याच्या गॅरेजमधून,
नखांत ग्रीस, हातात उकळलेल्या पाण्याचा थर्मास.
अठरा पूर्ण व्हायला त्याला अजून दोन महिने.
पोर घे म्हटलं तर मागे सरला:
"पडेल माझ्याकडून."
मानेखाली हात घाल, म्हटलं. असा. आता श्वास घे.
घेतला त्यानं.
कुंपणापलीकडून त्याच्या मित्रांनी शीळ घातली.
तो वळला नाही. कान मात्र लाल झाले.

ती पास झाली. गणितात सदतीस.
गावानं कुणाला पेढे वाटले नाहीत,
आम्हीही नाही.
अकरावीसाठी सकाळची कदंबा धरते ती.
कधी आई पोर घेते, कधी घेत नाही.
त्या दिवशी ती येत नाही, एवढंच.

या जूनमध्ये मी खिडक्या उघड्या ठेवल्या
आणि चौदावा धडा मोठ्यानं वाचला.
आवाज दोनदा फुटला माझा. शब्द कुठलाच गाळला नाही.
टेबलावर बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला,
झाकणाला फट पाडून: नाव न घालता काहीही विचारा.

पहिली चिठ्ठी: पंखा दुरुस्त करा.
दुसरीत घोड्याचं चित्र. म्हणजे बहुतेक मी.
तिसरी आठ घड्या घातलेली,
पेन्सिलीची, अक्षर ओळखीचं.
मी वर पाहिलं नाही.
खडू घेतला,
आणि पहिल्यांदाच
वर्गाकडे तोंड करून उत्तर दिलं.